तुरळक ठिकाणी

मी लिहिते तसं कुणी बोलत नाही.
'दक्षिण गोव्यात तुरळक ठिकाणी
जोरदार ते अति जोरदार पावसाची शक्यता.'
सोळा वर्षं आल्तिनोच्या टेकडीवर बसून
हेच वाक्य उसवतेय, पुन्हा शिवतेय.
तुरळक हे काही गाव नव्हे.
तिथं पंचायत नाही, तिठा नाही,
कदंबची बस जात नाही.

गेल्या गुरुवारी मी लाल इशारा दिला होता.
काणकोणच्या शाळा बंद ठेवल्या
आणि दिवसभर असं ऊन पडलं
की लोकांनी वाकळी वाळत घातल्या.
एका बाईनं फोन करून विचारलं,
"तुमचा पाऊस कुठं उतरवलात?"
साहेब म्हणाले, आता जरा जपून.

आज रात्री पडद्यावर पिवळा,
घाटाच्या कुशीत एक नारिंगी डाग,
नखाएवढा.
मॉडेल म्हणतं, सत्तर मिलिमीटर, पहाटेनंतर.
मॉडेलला डोंगर दिसतो,
डोंगराची घडी दिसत नाही.

एक वाजून चाळीस.
सोयरू वेळीप, गावडोंगरी, पर्जन्यमापक क्रमांक अकरा.
त्याचा फोन फक्त सकाळी साडेआठला येतो,
आधी नमस्कार, मग आकडा, मग लगेच बंद,
जणू शब्दागणिक पैसे पडतात.
आज नमस्कार नाही.
"बाये, बाटली भरून व्हांवली."
कधी रिकामी केली होतीस?
"धा वाजतां."
आणि त्याच्या मागं एक आवाज,
पोत्यातून नारळ ओतावेत तसा.
"तो फातरांचो आवाज. उदक तांबडें जालां.
मातयेचो वास येता."

वासाला आमच्या तक्त्यात रकाना नाही.

त्याला म्हटलं, माझी वाट बघू नकोस. दारं ठोठाव.

नियम असा, की आधी साहेबांना विचारायचं.
फोन वाजत राहिला.
खाली पणजीचे दिवे कोरडे,
मांडवीत कॅसिनोची बोट लखलखत उभी.
मी 'तुरळक' खोडलं.
लिहिलं: तळपण नदीकाठ, गावडोंगरी, खालची वाडी.
लिहिलं: आत्ता.
हात थरथरला तो चुकण्याच्या भीतीनं,
आणि, लपवत नाही,
बरोबर ठरण्याच्याही.

मेसेज सुटला एक बावन्नला.
टॉवर पडला होता एक पन्नासला.

पुलापाशी कायतान पोदेर भट्टीवर जागाच होता.
त्यानं सायकलचा भोंपू काढून घेतला
आणि पों-पों करत वाडीभर हिंडला.
लोक सुटे पैसे मुठीत घेऊन बाहेर आले,
पाव एवढ्या लवकर कसा म्हणून,
आणि त्याच पावलांनी शाळेच्या चढणीला लागले.

झिलू देविदास तेवढा उठला नाही.
आतूनच म्हणाला, "गुरुवारा उठिल्लों न्हय हांव?"
सकाळी फणसावर सापडला,
काखेत कोंबडा, एका पायात चप्पल.
फोनवर मी विचारलं, लागलंय का कुठं.
"गेल्या गुरुवारचो पावस आज पावलो, बाये."

अकराच्या सुमारास टॉवर पुन्हा जागा झाला.
शाळेच्या व्हरांड्यात चाळीसेक फोन एकदम वाजले:
माझा इशारा, तारीख-वेळेसकट.
कुणीतरी हसलं म्हणे.

खालच्या वाडीत नऊ घरं होती.
आता सात आहेत, आणि दोन जोती.
नोंदवहीत काय लिहू?
बाटली ओसंडली की आकडा उरत नाही,
'किमान' लिहितात,
पुढची जागा मोकळी सोडतात.

साडेचार वाजले. संध्याकाळचं पत्रक.
समुद्रावर पुन्हा काहीतरी गोळा होतंय.
'तुरळक'नंतर कर्सर लुकलुकतोय.
तिथं कोण कोण राहतं, मला ठाऊक नाही.
एकाचं नाव माहीत आहे.
त्याची साडेआठची वेळ नाही,
तरी लावते.

रिंग जातेय.